खंडूआबांचा माग, माझी वही

बारामतीकडून आलो म्हटलं की पुण्यातला माणूस आधी आपल्या हातांकडे बघतो, गुळाची ढेप आणली आहे का म्हणून. मी ढेप आणली नाही. एक वही आणली, आणि तीही पुरती भरलेली नाही. का भरली नाही, तेच सांगायला बसलो आहे.

झालं असं, की आमच्या मित्रमंडळींत एक टूम निघाली. खेड्यांतल्या जुन्या कसबी माणसांना जे येतं ते त्यांच्याबरोबरच जातं, तेव्हा वेळीच लिहून ठेवावं. कुणी कुंभार घेतला, कुणी विहिरीचं पाणी सांगणारा घेतला. मी माग काढणारा निवडला. चोरानं गुरं नेली तर जमिनीवरच्या पावलांवरून त्याला हुडकून काढणारे जागले इंदापूर तालुक्यात अजून आहेत, असं ऐकून होतो. अकरा वर्षं मी होतकरू मास्तरांना प्रश्न कसे विचारावेत हेच शिकवतो आहे. एका म्हाताऱ्या जागल्याच्या पोटातलं काढून घेणं म्हणजे हातचा मळ, अशी माझी खात्री होती. बेचाळीस प्रश्न सुवाच्य अक्षरात लिहून घेतले, प्रत्येकाखाली उत्तरासाठी चार ओळी कोऱ्या सोडल्या, आणि पौषात रजा टाकून निघालो.

बारामती

दौंडाहून बारामतीला जाणाऱ्या छोट्या गाडीबद्दल मी काही लिहीत नाही. ती पोचते, एवढं पुरे. उतरल्यावर मात्र नाक आधी जागं होतं. पाटाच्या पाण्यावर उभे असलेले उसाचे फड आणि जिकडेतिकडे चुलाणावर उकळणारा रस, यांचा गोड, किंचित जळका वास कपड्यांत जाऊन बसतो. पेठेत गुळाच्या ढेपा आमच्याकडे पोथ्या ठेवतात तशा कापडात गुंडाळून रचलेल्या होत्या.

खानावळवाल्यानं बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि शेंगांची चटणी वाढली. चटणीनं माझ्या डोळ्यांना पाणी आलं तसा तो प्रसन्न झाला आणि गाव, काम वगैरे विचारू लागला. मी अभिमानानं प्रश्नांचे कागद दाखवले.

"जागल्याला इचारनार व्हय?" तो म्हणाला. "त्यो बोलंल, पर तुमच्या हाती काय लागंल ह्ये न्हाय सांगता यायचं."

मी मनात म्हटलं, याला काय कळतंय प्रश्न कसा विचारावा ते. चटणी तेवढी पुन्हा मागून घेतली.

खैरवाडी

गावाचं खरं नाव देत नाही, खैरवाडी म्हणू. बारामतीहून बैलगाडीनं इंदापूरच्या वाटेला लागलं की बऱ्याच वेळानं पाटाचं पाणी संपतं आणि हिरवा रंगही तिथंच संपतो. पुढं शाळवाची रानं, बाभळी आणि पायाखाली पिठासारखी धूळ. ही धूळ माझ्या धोतराची शत्रू आणि खंडूआबांची लाडकी, हे मला लवकरच कळायचं होतं.

खंडूआबा गावचे पिढीजात जागले. साठीच्या पुढचे, अंगानं काटक, मान कायम थोडी खाली. मी अंगणात पाऊल टाकणार तोच ते म्हणाले, "थांबा मास्तर. सकाळचं अजून बगायचं हाय." आणि त्यांनी अंगणाच्या कडेकडेनं एक फेरी मारली. रोज उठल्यावर पहिलं काम हेच. कोण आलं, कोण गेलं, कोणाचं कुत्रं फिरून गेलं. पुण्यात आम्ही चहाबरोबर वर्तमानपत्र वाचतो. इथं चहाही नव्हता, पण बातम्या ताज्या होत्या.

हुरडा खाऊन झाल्यावर मी प्रश्न काढले.

"पाऊल खोल उमटलं म्हणजे माणूस वजनदार, असं समजायचं का?"

"व्हय."

"पण माती ओली असली तर हलका माणूसही खोल उमटेल?"

"व्हय."

"म्हणजे खोलीवरून वजन सांगता येत नाही?"

"व्हय," आबा तितक्याच गोडीनं म्हणाले आणि माझ्यापुढं आणखी हुरडा सारला.

दुपारपर्यंत माझ्याकडे बेचाळीस 'व्हय' जमा झाले. मला राग आला तो आबांचा नाही, माझाच. पाहुण्यानं एवढ्या लांबून येऊन काही म्हटलं तर त्याला 'नाही' कसं म्हणायचं, असा त्यांचा सरळ हिशेब होता. आमच्या पुण्यात पाहुण्याचं पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत खोडून काढतात, त्यामुळे ही अडचण मला कधी आलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी युक्ती केली. गावातल्या चारपाच माणसांना धुळीत चालायला लावलं आणि आबांना म्हटलं, आता पावलं बघून सांगा कोण कोणतं. आबांनी क्षणभर बघितलं आणि तोंड फिरवलं. "ह्ये चाललं न्हाईत, मास्तर. ह्यांनी तुमाला चालून दावलं."

ते खरंच होतं. जो तो मिरवणुकीतल्यासारखा पाय टाकत होता. ती युक्ती मी वहीत लिहिली आणि तिच्यावर काट मारली.

बैल गेला

तिसऱ्या दिवशी सकाळी गावात ओरड झाली. बाळातात्या म्हणून गावातला एक बडा बागाईतदार, विहिरीच्या पाण्यावर मळा करणारा. त्याच्या मळ्यातल्या गोठ्यातला खिलारी बैल गेला होता. शेजारच्याच रानात सिदू नावाच्या धनगराची मेंढरं बसलेली होती. लेंडीखतासाठी शेतकरी मेंढरं रानात बसवून घेतात आणि धनगराला धान्य देतात. तात्यानंच त्याला बोलावलं होतं.

आम्ही पोचलो तेव्हा लोकांनी उलगडा करूनच टाकला होता. गोठ्यापासून बैलाची खुरं निघाली होती आणि शेजारून वहाणांची पावलं. टाचेला आडवं ठिगळ. सिदूच्या वहाणेला तेच ठिगळ. कुणीतरी दोरीनं पाऊल मापलं, दोरी वहाणेवर धरली, तंतोतंत. सिदू सारखा म्हणत होता, "मी वाघरीच्या आत मेंढरांत निजलो हुतो. पायताण भाईर हुतं." वाघर म्हणजे मेंढरांभोवतीचं जाळं. पण दोरीपुढं त्याचं कोण ऐकतो?

आबा माग धरून गेले. दोन शेतं ओलांडून माग सडकेला लागला आणि तिथं, ते परत येऊन म्हणाले, गाड्यांच्या चाकांत मोडला. मग त्यांनी गोठ्याजवळच्या तीन चांगल्या पावलांवर पाट्या पालथ्या घातल्या, वर दगड ठेवले, आणि म्हणाले, "माणूस ह्यो न्हवं."

"कशावरून?" तात्यानं विचारलं.

"दिसतंय."

"दोरी दिसत न्हाय व्हय तुला?"

आबा पाटीवरचा दगड नीट करू लागले. पोलीस पाटलानं रिपोर्ट लिहिला आणि सिदूला, त्याच्या वहाणांसकट, इंदापूरला रवाना केलं. मामलेदारांपुढं उद्या सुनावणी.

दुपारी सिदूची बायको आली. पाठीशी लेकरू, मागं शंभरेक मेंढरं एकटीनं सांभाळलेली, त्यांतली दोनतीन विणारी. ती रडली नाही. आबांसमोर उभी राहून म्हणाली, "तुमी त्यो न्हवं म्हनलासा. मग का न्हवं, त्ये बी सांगा की. तितं कोन इचारंल तर मी काय सांगू?"

आबांनी मान आणखी खाली घातली. ती गेल्यावर मला म्हणाले, "मास्तर, मला दिसतंय. पर त्ये सांगायचं कसं?"

तोपर्यंत माझं काम म्हणजे हौस होती. त्या बाईचं बोलणं ऐकल्यावर ती हौस राहिली नाही. एक माणूस निरपराधी असल्याची खूण आबांच्या डोळ्यांत होती, आणि ती तिथून कागदावर आणायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं. मी वही उचलली.

पाट्यांखालची पावलं

आम्ही दोघं मळ्यात गेलो. आबांनी पाटी उचलली. मी विचारलं, टाच बघून सांगता का? व्हय. बोटं बघून सांगता का? व्हय. पुन्हा तेच सुरू झालं तसं माझं डोकं फिरलं. मी तावातावानं म्हटलं, "आबा, मला तर हा सिदूच दिसतोय. काठी टेकत, डुलत डुलत निघालाय."

आबा ताडकन उभे राहिले. "काठी? कुठाय काठी? दावा की मला! धनगर जन्मात काठीबिगर पाऊल टाकत न्हाय. दर दुसऱ्या पावलाला उजवीकडं टोच पडाय पायजे. हाय का हितं एक तरी?"

मी वही उघडली.

बेचाळीस प्रश्नांनी जे दिलं नाही ते एका चुकीनं दिलं. मी लगेच दुसरी चूक केली, या वेळी मुद्दाम. म्हटलं, "काठी विसरला असेल. पण पायाची ठेवण त्याचीच."

"त्याची? अवो, धनगर दिसभर मेंढरामागं हुबा असतो, एका पायावर भार टाकून. त्येचा पाय भाईरच्या कडंवर पडतो. त्येचं पायताण भाईरनं झिजलंय. आन् ह्ये बगा, भार आतल्या अंगानं. पायताण सिदूचं, पाय न्हाय!"

"मग मोठ्या पायाच्या माणसानं घातलं असेल."

"मोठ्या? मास्तर, तुमी डोळं उगडं ठिवून बसलाय का मिटून? अंगठ्याची जागा बगा किती खोल. पायताण ढिलं हुतं म्हनून अंगठ्यानं आवळून धरलंय त्येनं. मागं टाच आपटून धूळ उडलीया. ह्येचा पाय बारका."

ज्ञान मागितलं तर माणूस संकोचतो. पण डोळ्यांदेखत कुणी त्या ज्ञानाचा खून करू लागला तर त्याला राहवत नाही. त्या दुपारी मी इतका मूर्खपणा केला की माझे विद्यार्थी बघते तर मास्तरकीवर पाणी सोडून गेले असते. आबा चिडत होते, मी लिहीत होतो, आणि आनंदानं माझ्या अंगावर काटा येत होता.

मग लोभानं मी आणखी एक चूक केली. बैलाच्या खुरांकडे बोट दाखवून म्हटलं, "बिचाऱ्याला मारत, ओढत नेलेलं दिसतंय."

"ओढत? परक्यानं बैल वडला तर त्यो खुरं रवतो, नख्या फाकत्यात, माती म्होरं ढकलती. ह्येचं मागचं खूर म्होरल्या खुरावर पडलंय, एकसारखं. ह्यो खुशीनं गेलाय. वळखीच्या मान्सामागं. घरच्या..."

आणि आबा थांबले.

"ह्ये लिवलं असंल तर खोडा," ते म्हणाले. "तात्याच्या खळ्यावर आमी पिढ्यान्‌पिढ्या जागल्याच्या वाट्याचं धान्य उचलतो. त्येच्या घरात बोट कसं दावू?"

आता मला कळलं की आबांच्या 'दिसतंय' मध्ये दोन गोष्टी एकत्र होत्या. काही सांगता येत नव्हतं, आणि काही सांगायचं नव्हतं. मी त्यांच्यासमोर त्या ओळींवर एक रेघ मारली. सिदूला सोडवायला वहाणांचं तेवढं पुरे होईल, असं मला वाटलं.

रात्री कुळथाचं माडगं प्यालो आणि मेल्यासारखा झोपलो.

इंदापूर

सकाळी उठून मी वहीतलं सगळं एका स्वच्छ कागदावर उतरवून काढलं. आबांचं रांगडं बोलणं मामलेदारांपुढं शोभणार नाही म्हणून त्याला शुद्ध पेहराव चढवला. ही माझी सगळ्यांत मोठी चूक, आणि ती मात्र मुद्दाम केलेली नव्हती.

इंदापूरच्या वाटेवर गाडीत मी आणि आबा. तात्या त्याच्या गाडीतून पुढं गेला होता. आबा वाटेवरच्या धुळीकडे बघत बसले होते, आणि मधूनच आपल्याशीच हसत होते. काय दिसत होतं देव जाणे. मी मात्र निर्धास्त होतो. कागद खिशात होता.

कचेरीच्या अंगणात लिंबाखाली आम्हांला बसवलं. मामलेदार शांत, चष्मेवाले गृहस्थ होते. माझं सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "वाचा." मी घसा साफ करून वाचलं: "पादत्राणाच्या मानाने पदाचे आकारमान न्यून असल्यामुळे अंगुष्ठाचा दाब अधिक पडला असून, भार आंतरभागी असल्याने सदर इसम मेषपाल नव्हे, असे माझे मत आहे."

मामलेदारांनी आबांकडे बघितलं. "हे तुझं म्हणणं?"

आबांनी विचार केला. खोटं बोलणारा माणूस नव्हे तो. "न्हाय सायब," ते म्हणाले. "ह्ये माझं न्हाय."

मी पुरता गार झालो. तात्या खाली बघून हसला. कोपऱ्यात शिपायाजवळ बसलेल्या सिदूनं माझ्याकडे जे बघितलं ते मी विसरणार नाही. मामलेदार चष्मा काढून पुसू लागले. "मास्तर, जागल्याचं मत हवं आहे मला. तुमचं नाही."

मी कागदाची घडी केली आणि पिशवीतून वही काढली. धुळीची, शिसपेन्सिलीची, जसं ऐकलं तसं लिहिलेली वही. "काठी? कुठाय काठी? दावा की मला!" इथपासून वाचायला लागलो. कारकून हसले. मामलेदार हसले नाहीत. आबांची मान पहिल्यांदाच वर आली होती, आणि माझ्या वाक्यावाक्याला ते हुंकार भरत होते.

वहाणांचं संपलं. पुढं त्या रेघ मारलेल्या ओळी होत्या. मी थांबलो.

"पुढं काहीतरी आहे," मामलेदार म्हणाले.

"ते खोडलेलं आहे, रावसाहेब."

"कोणी खोडलं?"

मी आबांकडे बघितलं. आबांनी तात्याकडे बघितलं, मग सिदूकडे. सिदूच्या पायांत वहाणा नव्हत्या. त्या टेबलावर चिठ्ठी लावून ठेवल्या होत्या.

"वाचा मास्तर," आबा म्हणाले.

मी वाचलं. खुरं रवतो, नख्या फाकत्यात. ह्यो खुशीनं गेलाय. वळखीच्या मान्सामागं. 'घरच्या' हा शब्दही मी वाचला.

मामलेदारांनी सिदूला वहाणा आणि काठी देऊन अंगणात चालायला लावलं. तो आपल्या मेंढरांच्या काळजीत होता. चालून दाखवण्याचं भान त्याला नव्हतं, तो नुसता चालला. मामलेदार स्वतः खाली उतरून उकिडवे बसले. बाहेरची कड खोल, उजवीकडं काठीची टोच. उठून धोतर झटकत ते तात्याला म्हणाले, "तुमच्या घरात हा बैल कोणाकोणाच्या मागं जातो?"

तात्याचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. घरातलं एकेक माणूस तो मनातल्या मनात मोजत असावा. कुठंतरी तो थांबला, हे आम्हां सगळ्यांना दिसलं.

"सायब," तो म्हणाला, "माझी फिर्याद न्हाय. सिदूला सोडा. चूक माझी झाली."

सिदूनं मामलेदारांना नमस्कार केला, आबांच्या पायांना हात लावला आणि खैरवाडीच्या वाटेला लागला. पळतच निघाला म्हटलं तरी चालेल. मेंढ्या विणायला टेकलेल्या होत्या.

आम्ही बाहेर आलो. मला धन्य धन्य वाटत होतं. बायकोला काय सांगायचं, मित्रांना काय सांगायचं, याची जुळवाजुळव चालली होती. तात्या आपल्या गाडीजवळ जू धरून उभा होता, गाडीत बसत नव्हता. आबा त्याच्याकडे गेले. आता आबांचा खळ्यावरचा वाटा तुटला, असं माझ्या मनात आलं आणि वाईट वाटलं.

तात्यानं मान वर केली नाही. "आबा, माग सडकंवर मोडला म्हनला हुतास तू."

"मोडला न्हवता. हितवर आलाय," आबा म्हणाले.

मग तात्या अगदी हळू म्हणाला, "चल. दाव."

आबा सडकेच्या दिशेनं चालू लागले आणि तात्या गाडी तिथंच सोडून त्यांच्यामागं निघाला. साहजिकच मीही वही उघडून मागोमाग निघालो. एवढा मोठा माग उलगडणार, आणि तो मी सोडीन?

आबा वळले. माझ्या वहीवर त्यांनी हात ठेवला, मारल्यासारखा नाही, मुलाच्या डोक्यावर ठेवावा तसा.

"तुमी हितंच थांबा, मास्तर. आता ह्येच्या फुडचं लिवायचं न्हाय."

मी थांबलो. ते दोघे धुळीतून लहान लहान होत गेले, एक पुढं, एक मागं, आणि कितीतरी वेळ मी पेन्सिल खिशात घालून तिथंच उभा राहिलो.